लाल मोज्यांच्या गावात

तुम्ही म्हणाल, लेकीच्या बाळंतपणाला गेलेली बाई ही मॅचच्या गोष्टी कसल्या सांगते! डिंकाचे लाडू विमानातून कसे नेले, तिकडच्या थंडीत दुपटी कशी वाळवली, हे लिहिलं असतं तर चारचौघींच्या उपयोगी तरी पडलं असतं. खरं आहे तुमचं. लाडवांचंही सांगेन केव्हातरी. पण २०१९ च्या उन्हाळ्यात मी पाच महिने बॉस्टनजवळ राहून आले, आणि घरी येऊन बॅगा उपसल्यावर मनात उरलं ते एक जुनं मैदान आणि आमच्या शेजारीणबाई.

लेकीचं घर वॉटरटाऊनला. बॉस्टनला खेटून, चार्ल्स नदीच्या काठी वसलेलं हे गाव. इथे आर्मेनियन लोकांची वस्ती जुनी. त्यांच्या दुकानांत मसूर, छोले, तीळ, दलियासारखा जाडाभरडा गहू, सगळं मिळतं. पहिल्याच आठवड्यात ही दुकानं सापडली आणि माझा जीव भांड्यात पडला.

शेजारच्या लाकडी घरात एक बाई एकट्याच राहायच्या. पंचाहत्तरीच्या, उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा बॉबकट. अंगणात टोमॅटोची रोपं, पुढच्या पडवीत एक आरामखुर्ची. संध्याकाळ झाली की त्या पडवीतून भांडणाचा आवाज यायचा. अगदी कडाक्याचं भांडण. मला वाटलं, ह्यांच्या घरी कुणीतरी बहिरे म्हातारे गृहस्थ असणार! दोन-तीन दिवस मी गप्प राहिले, मग लेकीला विचारलं. ती हसायलाच लागली. म्हणाली, "अगं आई, त्या रेडिओशी भांडतात. रेड सॉक्सची मॅच चालू असते."

रेड सॉक्स म्हणजे चक्क लाल मोजे! बॉस्टनच्या बेसबॉल संघाचं नाव आहे ते. आणि जावई जे म्हणाले त्यानं माझं कुतूहल चाळवलं. ते म्हणाले, "गंमत बघा हं. संघ मागे असला की बाई शांत विणत बसतात. पुढे असला की ओरडतात."

आता हे उलटं का, ते कळायला आधी खेळ कळायला हवा. मला तीन संध्याकाळी लागल्या, तुम्हांला मी तीन वाक्यांत सांगते. मैदानाच्या तीन कोपऱ्यांवर उशीएवढ्या पांढऱ्या गाद्या असतात आणि चौथ्या कोपऱ्याला म्हणतातच 'होम', म्हणजे घर. चेंडू टोलवून, त्या तीन ठिकाणी पाय टेकवत जो घरी परत येतो त्याची एक धाव. (बाहेर किती का हिंडेना, घरी परतला तरच हिशेबात धरायचा. हे मला फार पटलं.) दोन्ही संघांचे नऊ-नऊ डाव, आणि दर डावात तीन गडी बाद व्हायचे.

पण मेख पुढेच आहे. आपल्या एक दिवसाच्या क्रिकेटमध्ये षटकं संपतात. फुटबॉलमध्ये घड्याळ संपतं. पुढे असलेला संघ थोडा वेळ काढू शकतो, टुकूटुकू खेळू शकतो. बेसबॉलमध्ये ती सोयच नाही. दहा धावांनी पुढे असलात तरी समोरच्याचा शेवटचा गडी बाद केल्याशिवाय सुटका नाही, आणि तोवर समोरच्याला वाटेल तेवढ्या धावा काढायला मोकळीक. चेंडू टाकणारा पिचर शंभरेक चेंडू टाकून थकतो, त्याचा हात उतरतो. मग त्याच्या जागी दुसरा आणतात, तिसरा आणतात. अगदी शेवटच्या डावासाठी तर एक खास माणूस राखून ठेवलेला असतो. त्याचं काम एवढंच, की झालेल्या कामावर झाकण घालायचं. ते झाकण नीट बसलं नाही की सगळा स्वयंपाक मातीत.

रेड सॉक्सचं हे झाकण पिढ्यान् पिढ्या बसत नव्हतं.

ही कहाणी शेजारीणबाईंनी मला पडवीत बसून हप्त्याहप्त्यानं सांगितली. बाळाला दुपारी झोप लागली की मी विणकाम घेऊन तिकडे जायची. त्या सांगायच्या, मला अडलेलं जावई रात्री जेवताना समजावून द्यायचे.

१९१८ साली संघ अजिंक्य झाला. बाईंचे वडील तेव्हा तीन वर्षांचे. पुढच्याच वर्षाच्या शेवटी मालकांनी बेब रूथ नावाचा आपला सोन्यासारखा खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला विकून टाकला. त्यानंतर न्यूयॉर्कवाल्यांनी जेतेपदांची रास घातली आणि बॉस्टनच्या हाती काही लागेना. लोक म्हणू लागले, शाप लागला. शिकल्यासवरल्या, हार्वर्डचं विद्यापीठ नदीपलीकडे असलेल्या गावात शाप! मला तर हे ऐकून अगदी माहेरच्यासारखं वाटलं.

नुसतं हरणं वेगळं. त्याची माणसाला सवय होते. पण ह्या संघाची रीत निराळी होती. हातातोंडाशी घास आणायचा आणि मग सांडायचा. १९७८ च्या जुलैत ते न्यूयॉर्कच्या चौदा सामने पुढे होते. ऑक्टोबर उजाडेपर्यंत आघाडी फुंकून बरोबरीत आले. २ ऑक्टोबरला निकालासाठी एकच जादा सामना, तोही घरच्या मैदानावर. रेड सॉक्स दोन धावांनी पुढे. सातव्या डावात बकी डेंट नावाचा समोरचा खेळाडू आला. उंच टोलवण्याबद्दल ह्या माणसाची मुळीच ख्याती नव्हती, आणि त्यानं चेंडू भिंतीपलीकडे भिरकावला. एका फटक्यात तीन धावा. सामना ५-४ नं गेला. बाई कचेरीत होत्या. "त्या दिवशी दुपारी चार वाजल्यानंतर कुणी एक कागद पुढे सरकवला नाही," म्हणाल्या.

आणि मग १९८६. हे सांगायच्या आधी त्यांनी विणकाम बाजूला ठेवलं.

२५ ऑक्टोबरची रात्र. अजिंक्यपदाच्या मालिकेतला सहावा सामना, न्यूयॉर्कच्या मेट्स संघाशी, त्यांच्याच मैदानावर. हा जिंकला की ६८ वर्षांचा वनवास संपला. नऊ डावांनंतर बरोबरी, म्हणून दहावा. त्यात रेड सॉक्सनी दोन धावा केल्या, ५-३. मेट्सचे पहिले दोन गडी बाद झाले. उरला एक. मध्यरात्र उलटलेली. बाईंचे वडील एकाहत्तर वर्षांचे, टीव्हीसमोर. ते लेकीला म्हणाले, "पोराला उठव. हे त्यानं बघितलंच पाहिजे." बाईंनी सहा वर्षांच्या मुलाला झोपेतून उचललं, ब्लँकेटात गुंडाळलं आणि आजोबांच्या मांडीवर आणून बसवलं. तिकडे रेड सॉक्सच्या खोलीत शॅम्पेन आणून ठेवलेली, भिजू नये म्हणून प्लॅस्टिक लावलेलं. मैदानावरच्या फलकानं तर घाईघाईत अभिनंदनसुद्धा करून टाकलं.

मग एक फटका. दुसरा. तिसरा. ५-४. मग पिचरचा एक चेंडू भलतीकडे गेला, ५-५. आणि शेवटी एक घरंगळत आलेला साधा चेंडू, बिल बकनर नावाच्या खेळाडूच्या दोन पायांमधून निघून गेला. ६-५. संपलं. पेंगुळलेल्या पोरानं जे बघितलं ते एवढंच. दोन दिवसांनी सातवा सामना झाला. त्यातही रेड सॉक्स तीन धावांनी पुढे होते, तोही हरले.

मला एकदम आमच्या ह्यांची आठवण आली. त्याच वर्षीचा, १८ एप्रिल १९८६ चा शारजाचा सामना तुमच्यापैकी पुष्कळजणींना आठवत असेल. शेवटच्या चेंडूवर पाकिस्तानला चार धावा हव्या होत्या आणि जावेद मियाँदादनं चेतन शर्माला षटकार मारला. आमचे हे ताटावरून उठले, चपला घातल्या आणि रात्री साडेदहापर्यंत परतलेच नाहीत. पुढे कितीतरी वर्षं घरात चेतन शर्माचं नाव निघालं की तोच चेंडू निघायचा. त्यानंतरच्या वर्षी त्यानं विश्वचषकात हॅट्‌ट्रिक घेतली ते कुणाच्या लक्षात? शेजारीणबाईंना मी हे सांगितलं, तर क्रिकेटचं एक अक्षर न कळूनही त्यांनी मान डोलावली.

बकनरचंही तेच झालं. भला खेळाडू. घोटे दुखावलेले, त्यांवर बर्फ बांधून तो त्या वर्षी खेळत राहिला होता. शेवटी-शेवटी त्याच्या जागी दुसऱ्याला उतरवत, त्या रात्री उतरवलं नाही. आणि मुख्य म्हणजे त्याच्याकडे चेंडू आला तेव्हा आघाडी उरलीच नव्हती, बरोबरी झालेली होती. पण दूध उतू गेलं की आपल्याकडे काय होतं? गॅस मोठा कुणी ठेवला, फोन घ्यायला कोण गेलं, हे कुणी विचारत नाही. ओट्यापाशी जी उभी असते तिच्यावर खापर फुटतं. बकनर ओट्यापाशी उभा होता. बाईंचे वडील त्यानंतर दोनच वर्षं जगले. त्या दोन वर्षांत घरात बकनरचं नाव काढायची सोय नव्हती.

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी तिकडे लढाईत गेलेल्या सैनिकांचा स्मृतिदिन असतो. पुष्कळ लोक त्या दिवशी आपापल्या माणसांच्या थडग्यांपाशी जाऊन फुलं ठेवतात. बाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धात लढलेले. "येतेस?" त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, "जा आई, मी बघते बाळाकडे." म्हणून गेले. २७ मे २०१९. हिरवळ, मोठमोठी मेपलची झाडं, छोटे-छोटे झेंडे वाऱ्यावर. आपल्याला स्मशानात जायची सवय नाही, त्यामुळे मी जरा बिचकूनच होते. बाईंनी दगडावरची पानं हातानं झाडली, लाल जिरेनियमची कुंडी ठेवली.

मग सांगू लागल्या. २००३ साली पुन्हा तेच झालं होतं. न्यूयॉर्कच्या मैदानावर निर्णायक सामना, आठव्या डावात रेड सॉक्स ५-२ नं पुढे. पेद्रो मार्टिनेझ हा त्यांचा सगळ्यांत मोठा पिचर शंभरावर चेंडू टाकून दमलेला, हे पडवीत बसलेल्या बाईला दिसत होतं, व्यवस्थापकाला दिसलं नाही. तो मैदानात गेला, पेद्रोशी बोलला आणि त्यालाच ठेवून परत आला. आघाडी गेली, अकराव्या डावात सामनाही गेला.

आणि २००४ ला नवल घडलं. न्यूयॉर्कविरुद्ध पहिले तिन्ही सामने हरलेले. चौथ्यात शेवटच्या डावात एका धावेनं मागे, आणि समोर मारियानो रिव्हेरा, ज्याचं झाकण सहसा निघतच नाही असा पिचर. ह्या वेळी घास सांडला तो न्यूयॉर्कवाल्यांनी. रेड सॉक्सनी तो सामना मध्यरात्रीनंतर बाराव्या डावात जिंकला, मग ओळीनं तीन जिंकले, मग सेंट लुइसविरुद्ध चारही. २७ ऑक्टोबर २००४. छप्पन्न नाही, सहासष्ट नाही, शहाऐंशी वर्षांनी! त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. आता आपण म्हणणारच, ग्रहण सुटलं. नदीकाठच्या रस्त्यावर वळणाची सूचना देणारी एक पाटी होती, 'रिव्हर्स कर्व्ह' अशी. कुणा खट्याळानं खाडाखोड करून तिचं 'रिव्हर्स द कर्स' केलं होतं, म्हणजे 'शाप उलटवा'. ती पाटी मग उतरवली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन मी इथे आले," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, आपणच वेड्या. तर दफनभूमीत ही गर्दी! कुणी टोपी ठेवतंय, कुणी झेंडा, कुणी पेपर वाचून दाखवतंय." पुढे २००७, २०१३, २०१८, तीनदा अजिंक्यपद आलं. पण थडग्यावर पेपर नेला तो एकदाच.

घरी परतलो तर जावई अंगणातच उभे. बातमी आली होती, बिल बकनर गेला. ६९ वर्षांचा होता.

बाई पडवीच्या पायरीवर बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "२००८ मध्ये त्याला परत बोलावलं होतं, हंगामातल्या घरच्या पहिल्या सामन्याला. मैदानावर चालत आला तेव्हा सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तो डोळे पुसत होता. मीही इथे टीव्हीसमोर उभी राहिले." थांबल्या. "डॅडी असते तर उठले नसते."

मला काय बोलावं सुचेना. मी आत जाऊन चहा केला, आल्याचा. तो त्यांनी सगळा प्याला.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांनी आपणहून दोन तिकिटं काढली. बाळ तोवर बाळसं धरू लागलं होतं, लेकही हिंडूफिरू लागली होती. ५७ नंबरची बस वॉटरटाऊनहून थेट केनमोर चौकात नेते. तिथे गच्चीवर एका तेलकंपनीची भलीमोठी लाल त्रिकोणाची पाटी आहे, ती दिसली की समजायचं, आलं मैदान. फेनवे पार्क त्याचं नाव. २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं, आणि वरच्या दर्जाचे सामने जिथे अजून चालतात असं अमेरिकेतलं हे सगळ्यांत जुनं मैदान. बाहेरून तर जुन्या गिरणीची इमारत वाटावी, तशाच लाल विटा. रस्त्यावर भाजलेल्या कांद्याचा आणि ढोबळ्या मिरचीचा खमंग वास. (तो सॉसेजच्या गाड्यांवरचा आहे हे शाकाहारी भगिनींनी ध्यानात ठेवावं.)

आपल्याला खायला भाजलेल्या शेंगा! सालीसकट, खारवलेल्या. सगळे खुशाल फोडून खातात आणि टरफलं तिथेच पायांशी टाकतात. मला टिळकांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. एक मात्र सांगते, जूनमध्येसुद्धा संध्याकाळी गारठा पडतो. शाल नेली म्हणून निभावलं.

आमच्या लाकडी खुर्च्या अरुंद, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागणार. समोर छपराचा एक लोखंडी खांब, त्यामुळे मैदानाचा एक तुकडा कायमचा झाकलेला. पण डावीकडची ती सुप्रसिद्ध हिरवी भिंत पुरती दिसत होती. ३७ फूट उंच! तिच्या पायथ्याशी धावफलक, आणि त्यावरचे आकडे अजून माणसं हातानं लावतात. फलकावरच्या उभ्या पट्ट्यांत तारेच्या कडकट्ट भाषेत ठिपके-रेघा काढल्या आहेत; ती जुन्या मालकांची आणि त्यांच्या पत्नीची आद्याक्षरं, असं बाईंनी दाखवलं. पलीकडे हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच लाल खुर्ची. १९४६ मध्ये टेड विल्यम्सनं टोलवलेला चेंडू ५०२ फुटांवर तिथे पडला, तोही एका गृहस्थाच्या गवती टोपीवर.

समोरचा संघ कुठला होता म्हणून विचारू नका. राखी सदरे होते, एवढं आठवतं. रेड सॉक्स पहिल्यापासून पुढे होते. सातव्या डावाला तीन धावांची आघाडी. मी खुशीत. बाई मात्र काळवंडत चाललेल्या. "तीन," त्या पुटपुटल्या. "२००३ लाही तीनच होती." आजूबाजूलाही तेच. मागची तरुण मुलं, पुढचं मध्यमवयीन जोडपं, सगळे आता पिचर कोण आणणार ह्यावर हुज्जत घालत होते. आदल्याच वर्षी अजिंक्य झालेला संघ, पण त्या हंगामात शेवटच्या डावासाठी ठरलेला असा माणूसच त्यांच्याकडे नव्हता. आज हा, उद्या तो. त्यामुळे पुढे असणं हीच काळजी.

आठव्या डावाच्या मध्यावर 'स्वीट कॅरोलाइन' हे जुनं गाणं लावतात आणि अख्खं मैदान उभं राहून गातं. मीही उभी राहून टाळ्या वाजवल्या, शब्द येत नव्हते तरी. बाई बसूनच होत्या.

गाणं संपलं, आणि पुढच्याच डावात, नवव्यात, नवा पिचर आला आणि तीनची आघाडी बघता-बघता एकीवर आली. दोन गडी बाद झाले होते, एक खेळाडू दुसऱ्या गादीवर उभा. बाई एकदम उठल्या. "मी बघितलं की सांडतं," म्हणाल्या आणि लगबगीनं पायऱ्या उतरून मागच्या बोळात निघून गेल्या. म्हणजे आता बघायचं मी! जिला चार आठवड्यांपूर्वी बॅटी कोणी धरायची तेही माहीत नव्हतं.

सगळे उभे. मी खुर्चीवर चढले, खांबाच्या बाजूनं वाकले. एक चेंडू गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला त्यानं असा काही टोला हाणला, की चेंडू हिरव्या भिंतीच्या दिशेनं वर-वर गेला आणि सबंध मैदान गप्प झालं. माझ्या मनात आलं ते मेलं नेमकं बकी डेंटचं नाव! रेड सॉक्सचा एक पोरगा भिंतीकडे पाठमोरा धावत होता. तो खांबाआड गेला. मला काही दिसेना. आणि मग एकदम आरोळी उठली.

मी बोळात पोचले तेव्हा बाई भिंतीला टेकून, डोळे मिटून उभ्या होत्या. माणसं हसत-बोलत त्यांच्या शेजारून चाललेली, तरी डोळे उघडायला तयार नाहीत.

"किती राहिलेत?" त्यांनी विचारलं.

"संपलं," मी म्हटलं. "जिंकलो."

त्या मला घेऊन परत आत गेल्या. फलकावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला, दोनदा. मग पर्समधून हातरुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "त्या पोराला आणायलाच नको होतं. आठव्यात ज्यानं टाकले त्यालाच ठेवायचं होतं."

५७ नंबरच्या बसमध्ये उभं राहायलाही जागा नव्हती. वॉटरटाऊन येईपर्यंत सगळी बस ह्याच विषयावर भांडत होती, आणि आमच्या बाई सगळ्यांत पुढे.